बिब्बा: टाचेला चालतो, बाळाच्या पोटाला नाही

चांगल्या चाललेल्या कामात कुणी खोडा घातला, की आपण म्हणतो, ‘घातलास ना बिब्बा!’ आज त्याच बिब्ब्याबद्दल बोलू.

आंबा-काजूच्या कुळातलं हे रानातलं झाड. फळ काजूसारखंच: नारिंगी बोंड आणि त्याच्या टोकाला काळी बी. बोंड वाळवून खातात. खरी गोम आहे बीच्या टरफलात. त्यात काळं, चिकट तेल असतं. धोबी त्याला चुन्याची जोड देऊन कपड्यांवर खूण करायचे. कितीही धुवा, ती जात नसे!

पायात काटा मोडला, टाचेला भेगा पडल्या, की आपल्या आज्या बिब्बा तारेला टोचून दिव्यावर धरायच्या आणि तेलाचा थेंब टाचेवर सोडायच्या. टाचेचं कातडं जाड, म्हणून ते सोसायचं. तरी प्रत्येकीला सोसेलच असं नाही. वैद्यही बिब्बा देतात, त्याला भल्लातक म्हणतात. पण विटेच्या भुकटीत घोळून, शुद्ध करून. ते घरी करायचं काम नव्हे.

मऊ कातडीवर हेच तेल लागलं, की बिब्बा उततो. आग, खाज, मग पाण्याचे फोड. कधी लगेच, कधी दुसऱ्या दिवशी. आणि आपण काय करतो? बाळाचं पोट फुगलं की बेंबीभोवती बिब्ब्याचे ठिपके देतो. आमच्याही घरांत हे झालंय. पोटदुखी राहिली बाजूला, लेकराच्या पोटावर फोड आले. सासूबाईंचा हेतू वाईट नव्हता, त्यांच्या सासूनं तेच केलं होतं. पण बाळाचं कातडं म्हणजे टाच नव्हे. पोट फुगलं, बाळ दूध पीत नसेल, तर आशाताईंना हाक मारा, दवाखाना गाठा.

चुकून तेल लागलंच तर कापडानं टिपून घ्या, साबण-पाण्यानं धुवा, मग खोबरेल लावा. फोड फोडू नका. डोळ्याला, तोंडाला लागलं तर थेट दवाखाना. टरफलं चुलीतही घालू नका, धूर बाधतो.

आतला गर मात्र गोड. तीच आपली गोडंबी, बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवातली. ती फोडणाऱ्या बायांचे हात बघितलेत? काळे पडलेले, सोललेले. राख लावून, तोंडाला फडकं बांधून त्या दिवसभर दगडावर बिब्बे फोडतात. बाजारात गोडंबी महाग वाटली, की आम्हाला ते हात आठवतात.