फुलांची हुंडी आणि व्यापाऱ्याची अमानत

परगावी राहणाऱ्या आप्तेष्टांना फुले भेट पाठविण्याचा रिवाज आता आपल्याकडेही चांगलाच रुळला आहे. एके काळी ही गोष्ट मुंबई-पुण्याच्या बड्या लोकांपुरती मर्यादित होती. आज सोलापूर, मालेगाव, लातूर, नांदेड, रत्नागिरी अशा गावांतही निकाह, अकीका, परीक्षेचा निकाल, हजहून परतलेल्या वडीलधाऱ्यांचे स्वागत किंवा आजाऱ्याची विचारपूस अशा निमित्ताने परगावाहून पैसे येतात आणि त्या गावचा फूलविक्रेता गुच्छ घरपोच करतो. उर्दूत ज्याला गुलफरोश म्हणतात, त्याच्या धंद्याला यामुळे नवी वाट मिळाली आहे. परंतु या वाटेवर एक खड्डा आहे आणि तो गिऱ्हाईक व व्यापारी या दोघांनीही नीट पाहून घेणे जरुरीचे आहे.

आम्ही कापडवाले. आमच्या धंद्यात माल पाहून घेतला जातो. ताका उलगडतो, पोत हाताला लागतो, पन्हा मोजला जातो आणि मग सौदा ठरतो. माल परगावी गेला तर तिथला व्यापारी गाठ उघडून नमुन्याशी ताडून पाहतो. रंगात फरक पडला की दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन येतो. फुलांच्या भेटीत मात्र ही सारी तपासणी गळून पडते. पैसे देणारा माल पाहत नाही. माल घेणाऱ्याला किंमत ठाऊक नसते. शिवाय ती भेट असते. भेटीत आलेली फुले कोमेजलेली होती असे पाठविणाऱ्याला तोंडावर कोण सांगणार? जे येईल त्याला लोक ‘फार छान’ म्हणतात. म्हणजे ज्या मालाची तक्रार जवळजवळ कधीच येत नाही, असा हा माल आहे. म्हणूनच हा धंदा सर्वस्वी विक्रेत्याच्या दियानतदारीवर उभा आहे.

हुंडीचाच एक प्रकार

फुले प्रत्यक्ष परगावी न पाठविता निरोप पाठवायचा आणि तिथल्या दुकानदाराने आपली फुले द्यायची, ही युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. जर्मनीत १९०८ साली माक्स ह्युब्नर या बर्लिनच्या फूलविक्रेत्याने अशा दुकानदारांची संघटना उभी केली. तीच पुढे ‘फ्लेरोप’ या नावाने ओळखली जाऊ लागली. अमेरिकेत १९१० साली काही फूलविक्रेत्यांनी एकत्र येऊन तारेने ऑर्डर देण्या-घेण्याची संस्था स्थापन केली. ब्रिटनमध्ये १९२३ पासून हेच काम सुरू झाले आणि ‘इंटरफ्लोरा’ हे नाव पुढे जगभर पोहोचले. वेगवेगळ्या देशांतील दुकानदारांचा आपसांतला हिशोब सोपा व्हावा म्हणून त्यांनी ‘फ्लेरिन’ नावाचे स्वतःचे हिशोबी चलनसुद्धा ठेवले होते.

आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीला हे नवल वाटले नसते. एका पेढीवर रक्कम भरायची, चिठ्ठी घ्यायची आणि दूरच्या बाजारातील आडत्याकडून ती वसूल करायची, ही हुंडीची रीत आपल्या व्यापाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. फरक एवढाच की हुंडीवर आकडा लिहिलेला असे आणि तेवढी रक्कम मोजून मिळे. फुलांच्या हुंडीवर आकडा लिहिलेला असतो, पण समोरच्याच्या हाती पडतात ती फुले. त्या आकड्याची किती फुले झाली, हे मधल्या हातांवर अवलंबून राहते.

हजार रुपयांचा हिशोब

पाश्चात्य संस्थांची परंपरागत वाटणी अशी होती की, ऑर्डर घेणारा दुकानदार साधारण २० टक्के ठेवी, फुले देणाऱ्याच्या नावे ८० टक्के लागत आणि मधली संस्था हिशोब जुळविण्याबद्दल सुमारे ७ टक्के कापून घेई. समजा गिऱ्हाइकाने १,००० रुपये दिले, तर गावच्या दुकानदाराच्या हाती ७३० रुपये पडले. त्यातून फुले, कागद, फीत, कारागिराची मजुरी, रिक्षाचे भाडे आणि स्वतःचा नफा. हे सारे वजा जाता प्रत्यक्ष फुलांवर किती खर्च झाला असेल, याचा अंदाज कोणताही व्यापारी बांधू शकेल. तरीही ही वाटणी उघड होती. ऑर्डर घेणारा स्वतः दुकानदार होता, त्याला फुलांची पारख होती आणि उद्या त्यालाही दुसऱ्याकडून ऑर्डर हवी होती.

पुढे इंटरनेट आले आणि चित्र पालटले. फुलांचे दुकान नाही, शीतपेटी नाही, कात्रीही नाही, अशा कंपन्या केवळ जाहिरातीच्या जोरावर ऑर्डर गोळा करू लागल्या. काही जण तर प्रत्येक गावाच्या नावाने पान उघडून स्वतःला तिथले ‘स्थानिक फूलविक्रेते’ म्हणवू लागले. रक्कम घ्यायची, त्यावर सेवाशुल्क लावायचे, आपला मोठा वाटा काढायचा आणि उरलेल्या रकमेत काम करील तो दुकानदार त्या गावात शोधायचा. अमेरिकेतील अनेक राज्यांना यासाठी कायदे करावे लागले. आपले दुकान ज्या गावी नाही त्या गावचे असल्याचे भासविणे तिथे गैर ठरले. १९१० साली स्थापन झालेल्या त्या जुन्या अमेरिकन संस्थेची पुढे कंपनी झाली आणि जून २०१९ मध्ये तिलाही दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. नुसते जुने नाव धंदा वाचवीत नाही, एवढा बोध त्यातून घ्यावा.

आपल्या देशात दिल्लीला १९९४ साली सुरू झालेल्या ‘फर्न्स अँड पेटल्स’सारख्या कंपन्यांनी फुलांच्या भेटीला दुकानांच्या साखळीचे रूप दिले. त्यातून गिऱ्हाईक वाढले, हे मान्य केले पाहिजे. परंतु मोठ्या नावांच्या सावलीत लहान-मोठे दलालही वाढले. आखाती देशात नोकरी करणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी कोकणातील आपल्या आजारी आईसाठी २५ गुलाबांचा गुच्छ सांगितला. चित्र देखणे होते, रक्कमही भरपूर होती. पोहोचले ते दुसऱ्या दिवशी, माना टाकलेले दहा गुलाब आणि भोवती चकचकीत प्लॅस्टिक. आई फोनवर म्हणाली, “बाळा, फुले फार सुंदर आली.” खरी हकीकत धाकट्या भावाने फोटो पाठविला तेव्हा कळली. पैसे गेल्याचे त्या गृहस्थांना फारसे वाटले नाही. आईला आपल्यासाठी खोटे बोलावे लागले, याचे वाटले.

दीनची कसोटी

सुगंधी वनस्पती कोणी देऊ केली तर ती नाकारू नये आणि एकमेकांना भेटी द्याव्यात, अशी शिकवण हदीसमध्ये आली आहे. तेव्हा फुलांची भेट ही परकी चाल म्हणून टाकून देण्याचे कारण नाही. दिखाव्यासाठी उधळपट्टी होऊ नये, इतकेच पथ्य पाळावे.

व्यापाऱ्यासाठी मात्र कसोटी कडक आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले. त्यावर, भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्याला विचारण्यात आले. गुच्छात वर ताजी कळी आणि आत कालची शिळी फुले बांधणाऱ्याने हा प्रसंग आठवावा.

दुसरी बाब आगाऊ रकमेची. मदीनेत फळांसाठी आधी पैसे देण्याची चाल होती. अशा सौद्यात माप, वजन आणि मुदत ठरलेली असावी, असा दंडक घालून देण्यात आला. यालाच सलमचा व्यवहार म्हणतात. फुलांची ऑर्डर हुबेहूब सलमच आहे की नाही, हा फतवा देणे आमचे काम नव्हे. त्यासाठी उलेमा आहेत. पण त्यामागील तत्त्व स्पष्ट आहे. पैसे आधी आणि माल नंतर असेल, तर कोणते फूल, किती नग आणि कोणता दिवस हे आधीच ठरले पाहिजे. ‘मोठा गुच्छ’, ‘सुंदर मांडणी’ हे शब्द माप होत नाहीत.

गिऱ्हाइकाने काय पाहावे

पहिली गोष्ट, ज्या गावी भेट द्यायची त्याच गावच्या दुकानाशी थेट बोलावे. देशांतर्गत तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तारेची जागा मोबाइलने घेतली आणि २०१६ पासून यूपीआयने रक्कम क्षणात पोहोचते. मग मधल्या हाताची गरज उरतेच किती? परदेशातून पैसे पाठविणे अडचणीचे असेल, तर गावातील भावाला किंवा मित्राला दुकानात जाऊन सौदा करावयास सांगावे. फोनवर दुकानाचा पत्ता, जवळची मशीद, शाळा किंवा एस. टी. स्टँड विचारावे. खरा स्थानिक माणूस लगेच सांगतो, दलाल अडखळतो.

दुसरी गोष्ट, चित्र दाखवून ‘अस्सेच हवे’ असा हट्ट धरू नये. लहान गावात फुलांची खोकी दादर किंवा पुण्याच्या बाजारातून रात्रीच्या गाडीने येतात. आज काय ताजे आले आहे, हे दुकानदारालाच ठाऊक असते. रक्कम आणि नग ठरवावेत, फूल त्याला निवडू द्यावे. दुरून आलेल्या थकलेल्या ऑर्किडपेक्षा जवळच्या शेतातील गुलछडी स्वस्त पडते आणि घरभर दरवळते. बाजारात डच गुलाबाची जुडी २० नगांची आणि जरबेऱ्याची १० नगांची बांधतात, हे माहीत असले की बोलणे सोपे जाते. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात तळेगाव-मावळचा चांगला गुलाब निर्यातीला व मोठ्या शहरांना जातो आणि भाव चढतो. त्या दिवसांत गुलाबाचा आग्रह सोडल्यास त्याच पैशांत भरघोस भेट होते.

तिसरी गोष्ट, गुच्छ निघण्यापूर्वी त्याचा फोटो मागावा. प्रामाणिक दुकानदाराला त्यात कमीपणा वाटत नाही. रुग्णालयात पाठवायचा असल्यास तिथे फुले चालतात की नाही, हे आधी विचारावे. अतिदक्षता विभागात सहसा चालत नाहीत.

ऑनलाइनच घ्यायचे असेल, तर विकणाऱ्याचे कायदेशीर नाव आणि पत्ता त्या पानावर आहे का, हे पाहावे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार हा तपशील देणे बंधनकारक आहे. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि एका महिन्यात तिचे निवारण करावे, असेही हे नियम सांगतात. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

आपल्या तरुणांसाठी

बागवान हा शब्दच बागेशी नाते सांगतो आणि फुलारी हे आडनाव आपल्या समाजातही आहे. सेहरा गुंफण्याचे कसब काही घरांत आजही टिकून आहे. त्या घरांतील मुलांनी हार-सेहऱ्यापुरते न थांबता घरपोच भेटीच्या धंद्यात उतरावे, असे आम्हांस वाटते. भांडवल कापडाच्या दुकानाइतके लागत नाही. मात्र माल नाशवंत आहे, कापडासारखा फडताळात पडून राहत नाही. तेव्हा शास्त्र शिकून घ्यावे. देठाचा शेवट तिरका कापावा, पाण्यात बुडणारी पाने काढावीत, पाणी रोज बदलावे, गुलाब-कार्नेशन थंडाव्यात ठेवावेत. फळांचे दुकान असलेल्या बागवान बंधूंनी तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. पिकत्या केळी-आंब्यांतून इथिलीन वायू निघतो आणि त्याने फुले लवकर म्हातारी होतात. म्हणून फळे आणि फुले एका खोलीत ठेवू नयेत. तळेगाव दाभाडे येथे राष्ट्रीय काढणीपश्चात तंत्रज्ञान संस्था आहे. तिथे फलोत्पादन आणि काढणीनंतरच्या हाताळणीचे प्रशिक्षण मिळते, त्याची चौकशी जरूर करावी.

हंगामाचे गणितही मांडावे लागते. दसरा-दिवाळीला झेंडू, लग्नसराईत गुलाब आणि निशिगंध यांचे भाव चढतात, हे दरवर्षीचे ठरलेले. ईद मात्र दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. कधी ती उन्हाळ्यात येते, कधी पावसात. त्या वर्षी त्या दिवसांत कोणते फूल स्वस्त आणि टिकाऊ असेल, याचा विचार दोन महिने आधी केला तरच ईदच्या ऑर्डरी नफ्यात जातील.

शेवटी मुद्दा संघटनेचा. जुन्या जर्मन आणि अमेरिकन दुकानदारांनी जे केले ते आपल्याला अवघड नाही. दहा गावांचे दहा भरवशाचे फूलविक्रेते एकमेकांचे फोन क्रमांक ठेवून सुरुवात करू शकतात. सोलापूरच्या गिऱ्हाइकाची मिरजेतील ऑर्डर मिरजवाल्याने पुरी करावी, मिरजेची लातूरवाल्याने. वाटणी आधी ठरवावी, गिऱ्हाइकालाही ती उघड सांगावी आणि हिशोब दर महिन्याला चुकता करावा. ज्याच्या मालाची दोनदा तक्रार येईल त्याला यादीतून वगळावे. अशा यादीला जाहिरातीची गरज पडणार नाही.

ज्या मालाची तक्रार सहसा येत नाही त्यात फसविणे सर्वांत सोपे असते. त्यातही पुरे माप देणाऱ्याच्या दुकानाला गिऱ्हाईक लोटणार नाही, बरकत तर अल्लाहच्या हाती आहे. आईला मुलासाठी खोटे बोलावे लागू नये, एवढी काळजी जो फूलविक्रेता घेईल, त्याच्या दारी पुढची ऑर्डर आपोआप येईल, इन्शाअल्लाह.