दिवाळीच्या बाणापासून इस्रोपर्यंत

'इस्रो'चा पाठ सनावळीने सुरू केल्यास मुले कंटाळतात. पारनेर तालुक्यातील मुलांस दिवाळीतील बाण परिचित असतो. आरंभ तेथूनच करावा. बाणातील दारू जळते, तिचा वायू वेगाने मागे सुटतो व त्याच्या प्रतिक्रियेने बाण वर झेपावतो. अग्निबाणाचे तत्त्व हेच होय. (वर्गात अर्थातच फुगा सोडून दाखवावा.)

दिनांक २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथून पहिला अग्निबाण उडाला. तो अमेरिकन बनावटीचा होता, हे मुलांपासून लपवू नये. स्वतःचा अग्निबाण हवा तर इंधनही स्वतःचे हवे. पुण्यात जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर यांनी थुंबा येथे घन इंधनाच्या संशोधनास वाहून घेतले. १५ ऑगस्ट १९६९ रोजी इस्रो स्थापन झाली. तिच्या 'एसएलव्ही-३' या वाहनाचे चारही टप्पे बाणाप्रमाणे घन इंधनावर चालणारे होते. १० ऑगस्ट १९७९ रोजी त्याचे पहिले उड्डाण फसले. वाहन बंगालच्या उपसागरात कोसळले. येथे थांबून, आता शास्त्रज्ञांनी काय करावे, असे मुलांस विचारावे व उत्तरे ऐकून घ्यावीत.

१८ जुलै १९८० रोजी त्याच प्रकारच्या वाहनाने 'रोहिणी' उपग्रह कक्षेत पोचविला. त्याचे वजन ३५ किलो, म्हणजे सहावी-सातवीतील एखाद्या मुलाएवढे.