बाजारातल्या शिव्या आणि कायद्यातले शब्द

कवितेच्या निमित्तानं हिंगणघाट, आर्वी, पुलगावकडे जाणं होतं. कार्यक्रम संपल्यावर तरुण मुलं बाजूला घेतात, कविता दाखवतात. एकानं मात्र वही काढलीच नाही. खाली मान घालून म्हणाला, "चाचा, माझ्यासारख्याला मराठीत चांगला शब्द आहे काय?" त्याला मुलगे आवडत होते.

बाजारात मिळाल्या त्या साऱ्या शिव्या. 'समलिंगी' हा पुस्तकातला शब्द, आईजवळ उच्चारताना जीभ अडखळते. 'तृतीयपंथी' सरकारी; त्यात 'पंथ' आहे, जणू कुणी गुरू करून दीक्षाच घेतली! जन्मतः मुलगा किंवा मुलगी ठरवलं, पण मन ते मान्य करत नाही, अशा व्यक्तीसाठी अलीकडे 'पारलिंगी' हा शब्द रुळतो आहे. कोण आवडतं हा एक प्रश्न आणि मी कोण हा दुसरा. आपण दोन्हींची खिचडी करतो.

कायद्याचा शब्द तर शिवीपेक्षाही जड होता. इंग्रजांनी १८६० साली केलेल्या दंड विधानात कलम ३७७ आलं. 'निसर्गक्रमाविरुद्ध' संबंधाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा. दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ मध्ये प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून सोडवलं, सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये तो निकाल फिरवला. हे कलम असतानाच, ३० डिसेंबर २०१७ ला, आपल्या शेजारच्या यवतमाळात एका आयआयटी शिकलेल्या तरुणानं आपल्या व्हिएतनामी जोडीदाराशी समारंभपूर्वक लग्न लावलं. गाजावाजा झाला. पुढे नऊ महिन्यांच्या आत, ६ सप्टेंबर २०१८ रोजी, संमतीचे संबंध गुन्हा राहिले नाहीत. लग्नाला मात्र कायद्याची मान्यता नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयानं ते काम संसदेवर सोपवलं.

पारलिंगींचं पाऊल थोडं पुढे पडलं. २०१४ च्या नालसा निकालानं आपली लिंग-ओळख आपण ठरवण्याचा हक्क मानला. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीच्या महिला राखीव जागेवर अर्ज भरला, तर निवडणूक अधिकाऱ्यानं तो बाद केला. औरंगाबाद खंडपीठानं जानेवारी २०२१ मध्ये त्यांना उभं राहू दिलं आणि गावानं निवडून दिलं. मला निकालापेक्षा ही मतं मोठी वाटतात. कोर्ट हक्क देतं. मत देणारा माणूस रोज समोरून जाणारा असतो.

सुरक्षेचं काय? इथे गाडी अडते. २०१९ मध्ये संसदेनं पारलिंगींसाठी कायदा केला तेव्हा त्यांच्यावरच्या लैंगिक अत्याचाराला शिक्षा ठेवली सहा महिने ते दोन वर्षं. स्त्रीवरील बलात्काराला किमान दहा वर्षं! अब्रूचे असे दोन भाव कसे? आणखी एक. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात ३७७ सारखं कलमच आलं नाही. संमतीचा प्रश्न मिटलेलाच होता. पण प्रौढ पुरुषावर जबरदस्ती झाली तर ज्या कलमाखाली तक्रार व्हायची, तेही गेलं. बलात्काराचं कलम पुरुषाला पीडित धरत नाही.

आणि पहिला मार बहुधा घरातच बसतो. मोबाईल काढून घेणं, घाईनं सोयरीक जुळवणं, बाबाकडे नाहीतर डॉक्टरकडे नेऊन 'सुधरवणं'. आमच्या मोहल्ल्यात तावीज बांधतात, तुमच्या वस्तीत अंगारा लावतात. एवढाच काय तो फरक. हा आजार नाही. 'सुधरवण्याचे' असे उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं आहे.

दोन सज्ञान मुली घर सोडून गेल्या की आईबाप 'हरवली' अशी तक्रार देतात, पोलीस मुलीला आणून बापाच्या हवाली करतात. ११ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अशा प्रकरणांसाठी सूचना दिल्या : न्यायाधीशानं त्या व्यक्तीशी एकांतात, घरच्यांच्या दडपणाविना बोलावं, समुपदेशनाच्या नावाखाली तिचं मन वळवू नये, ती सज्ञान असेल आणि घरी जायचं नसेल तर तिला मोकळं सोडावं. या सूचना न्यायालयांसाठी आहेत. ठाण्यात रात्री ड्युटीवर असलेल्या हवालदारापर्यंत त्या मराठीत छापून पोचवायला हव्यात.