मेंदूला कोणता व्यायाम मानवतो?

लंडनमध्ये काळी टॅक्सी चालवायचा परवाना हवा असेल, तर गाडी चालवता येणं ही त्यातली किरकोळ अट. खरी कसोटी शहर तोंडपाठ असण्याची. चेअरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले सुमारे २५ हजार रस्ते, शिवाय त्यांवरची हॉटेलं, इस्पितळं, नाट्यगृहं, पोलीस ठाणी हे सगळं डोक्यात हवं. या परीक्षेला तिथे नुसतं ‘नॉलेज’ म्हणतात. अभ्यासाला ३२० ठरावीक मार्ग नेमलेले असतात. पहिला मॅनर हाउस स्टेशन ते गिब्सन स्क्वेअर. उमेदवार स्कूटरच्या हँडलला नकाशाची पाटी अडकवून थंडीपावसात हे मार्ग पालथे घालतात आणि घरी येऊन मोठ्याने घोकतात: इथून निघा, डावी घ्या, चौकातून सरळ, मग उजवी. परीक्षक समोर बसून फक्त दोन ठिकाणांची नावं घेतो. त्यांच्यामधला सर्वांत जवळचा मार्ग नकाशा न बघता, एकेका रस्त्याचं नाव घेत म्हणून दाखवायचा. हे एकदा करून भागत नाही. सुरुवातीला दर ५६ दिवसांनी बोलावणं येतं, नंतर २८ आणि शेवटी २१ दिवसांनी. यात तीन-चार वर्षं सहज जातात. पुष्कळ जण मध्येच सोडून देतात.

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या एलिनॉर मॅग्वायर यांनी या चालकांच्या मेंदूचे एमआरआय काढले. मेंदूच्या दोन्ही बाजूंना आत दडलेला हिप्पोकॅम्पस हा भाग आठवणी साठवणं आणि जागेचं भान ठेवणं ही दोन्ही कामं करतो. टॅक्सीवाल्यांमध्ये त्याचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा निघाला आणि ज्याची नोकरी जास्त वर्षांची, त्याचा तो अधिक मोठा. हा निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाला. मग शंका आली की हा फरक रोज शहरातल्या रहदारीत गाडी हाकण्यामुळे तर नसेल? म्हणून त्यांनी लंडनचे बसचालकही तपासले. रहदारी तीच, ताण तसाच, पण मार्ग ठरलेला. त्यांच्यात ही वाढ नव्हती.

तरी एक प्रश्न उरतोच: जन्मतःच असा मेंदू लाभलेली माणसंच टॅक्सीकडे वळत असतील तर? मॅग्वायर आणि कॅथरिन वूलेट यांनी ७९ उमेदवारांना अभ्यासाच्या सुरुवातीलाच गाठलं. तेव्हा कुणाच्याच हिप्पोकॅम्पसमध्ये वेगळेपण नव्हतं. काही वर्षांनी ३९ जण उत्तीर्ण झाले आणि वाढ फक्त त्यांच्यात दिसली. नापास झालेल्यांपेक्षा त्यांनी आठवड्याला जवळपास दुप्पट तास अभ्यास केला होता. प्रौढ माणसाचा मेंदू अभ्यासाने घडतो, याचा इतका स्वच्छ पुरावा मला दुसरा माहीत नाही.

पण याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली, ती फारशी सांगितली जात नाही. एक गुंतागुंतीची आकृती पाहून थोड्या वेळाने ती आठवून काढायची, अशी चाचणी घेतली तेव्हा उत्तीर्ण चालक इतरांपेक्षा मागे पडले. लंडन पाठ झालं म्हणून त्यांची सगळी स्मरणशक्ती तल्लख झाली नव्हती. मेंदू ज्याचा सराव कराल त्यातच तरबेज होतो, आणि ती तरबेजी आपण होऊन दुसरीकडे पसरत नाही.

मेंदूचे खेळ विकणारा सगळा धंदा नेमका इथे फसतो. २०१० साली एड्रियन ओवेन यांनी बीबीसीच्या मदतीने ११,४३० लोकांना सहा आठवडे असे खेळ खेळायला लावले. खेळांतले गुण वाढले; त्या खेळांशी जवळचं नातं असलेल्या इतर चाचण्यांमध्येही फायदा दिसला नाही. असे खेळ विकणाऱ्या ‘लुमॉसिटी’ने स्मृतिभ्रंश लांबवण्याचे दावे केले होते. त्या जाहिरातींबद्दल २०१६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करताना कंपनीला २० लाख डॉलर भरावे लागले. सकाळच्या चहाबरोबर सुडोकू सोडवण्यात आनंद आहे, तो जरूर घ्यावा. पण वर्षभर सुडोकू सोडवून माणूस सुडोकूत पटाईत होतो. किराणाची यादी किंवा पाहुण्यांची नावं त्यामुळे लक्षात राहू लागत नाहीत.

मग उतारवयात मेंदूला आधार कशाचा? १९८८ मध्ये रॉबर्ट कॅट्झमन आणि सहकाऱ्यांनी एका शुश्रूषागृहातल्या १३७ वृद्धांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले. त्यांतल्या दहा जणांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा भरपूर होत्या, पण जिवंतपणी ते व्यवस्थित वागत-बोलत होते. त्यांचे मेंदू वजनाने जास्त होते आणि त्यांत मोठ्या चेतापेशीही जास्त होत्या. मेंदूत अशी शिल्लक असेल तर रोग आत पसरूनही माणूस बराच काळ सावरून राहतो. शिक्षण, कामाचं स्वरूप, आयुष्यभर चालू राहिलेलं शिकणं यांतून ती शिल्लक पडते, असा संशोधकांचा कयास आहे.

आपल्याकडचा एक अभ्यास मला या बाबतीत फार मोलाचा वाटतो. हैदराबादमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा जडला होता, आणि निरक्षर रुग्णांमध्येही फरक दिसला. म्हणजे श्रेय एकट्या शाळेला देता येत नाही. घरात तेलुगू, बाजारात उर्दू, असं दिवसभर चालतं तेव्हा एक भाषा दाबून दुसरी पुढे आणण्याचा सराव होत राहतो. सोलापुरात विणकर घरांतून तेलुगू आणि बाहेर मराठी बोलली जाते, तिथेही रोज हेच घडतं. हा पुरावा अंतिम नाही. निरोगी माणसांवर वर्षानुवर्षं नजर ठेवणाऱ्या काही अभ्यासांत असा फायदा आढळलेला नाही. पण मुलांना घरची भाषा ‘विसरायला’ लावणाऱ्या पालकांनी यावर विचार करावा, असं मला मनापासून वाटतं.

साठीनंतर सुरुवात केली तर? डॅलसमध्ये डेनिस पार्क यांनी ६० ते ९० वर्षांच्या लोकांना तीन महिने, आठवड्याला १५ तासांहून अधिक वेळ नवं काम शिकवलं: कुणाला डिजिटल फोटोग्राफी, कुणाला गोधडी शिवणं, कुणाला दोन्ही. दुसऱ्या गटाने गप्पा आणि सहली केल्या, तिसऱ्याने घरी शब्दखेळ आणि संगीत. स्मरणशक्ती सुधारली ती नवं कौशल्य शिकणाऱ्यांची, विशेषतः फोटोग्राफीवाल्यांची. एका वेगळ्या प्रयोगात वर्षभर आठवड्यातून तीनदा, ४० मिनिटं भरभर चालणाऱ्या ज्येष्ठांचा हिप्पोकॅम्पस सुमारे दोन टक्क्यांनी वाढला होता.

ज्येष्ठ नागरिक संघांनी कोडी छापण्यापेक्षा तबल्याचे, कन्नडचे, मोबाईलवर फोटो काढण्याचे वर्ग भरवावेत. ते आठवड्यातून तासभर नव्हे, रोजचे असावेत, आणि पहिला महिना काहीच जमत नाही अशी तक्रार यावी इतके अवघड असावेत. वर्ग सुरू होण्याआधी प्रत्येकाचे कान मात्र तपासून घ्यावेत. ऐकू कमी येणं हे स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या मोठ्या कारणांपैकी एक आहे, आणि शिक्षकाचं बोलणंच नीट ऐकू आलं नाही तर शिकण्याची उमेद टिकणार कशी?