खंडणीचा विमा आणि बोटीवरची पोरं

डोलवीचा पोलाद कारखाना 2010च्या डिसेंबरात इस्पातकडून जेएसडब्ल्यूकडे गेला, तेव्हा वडखळ नाक्यावर दुसरा विषय नव्हता. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली होती, ती मात्र कुणाच्या गावीही नव्हती. सोमाली चाच्यांच्या उपद्रवामुळे जहाज उद्योगाने समुद्रातले अतिधोक्याचे क्षेत्र पूर्वेला 78 रेखांशापर्यंत वाढवले होते. ती रेषा जमिनीवर ओढली तर अमरावतीच्या जरा पूर्वेकडून जाते! म्हणजे मुंबईबाहेर नांगर टाकणारी मोठी जहाजे, ज्यांच्यातून या कारखान्याचा कोळसा आणि खनिज बार्जमध्ये उतरून धरमतरच्या खाडीत येते, तीसुद्धा कागदोपत्री चाच्यांच्या टापूतच. जादा विमा आला, तो भाड्यात धरला गेला. 1 डिसेंबर 2015ला ही रेषा 65 रेखांशापर्यंत मागे गेली, आणि 2023च्या जानेवारीत ते क्षेत्रच रद्द झाले.

माणसे धरून पैसे मागणे या किनाऱ्याला नवे नाही. 1712च्या नोव्हेंबरात कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराने इंग्रजांची जहाजे पकडली. त्यांतली एक इंग्रज बाई कुलाब्याला कैदेत राहिली आणि पुढल्या फेब्रुवारीत तीस हजार रुपये मोजल्यावर सुटली. इंग्रज कान्होजींना चाचा म्हणत. आपल्यासाठी ते सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. त्यांचा दस्तक, म्हणजे परवाना, घेतलेल्या जहाजाला कुणी हात लावत नसे.

खंडणीचा आजचा विमा आला अमेरिकेतल्या एका प्रकरणावरून. 1932 साली वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांचे तान्हे मूल पळवून मारले गेले आणि लंडनच्या लॉइड्समध्ये अशा पॉलिसी निघू लागल्या. या विम्याची पहिली अट म्हणजे तो असल्याचे कुणाला सांगायचे नाही. कळले तर मागणी वाढते. दुसरे, विमा कंपनी चाच्यांना पैसे देत नाही. आधी मालकाने जमवून द्यायचे, मग भरपाई मागायची. बोलणी करणाऱ्या सल्लागाराची फी, रोकड पोचवण्याचा खर्च, वाटेत ती लुटली गेली तर तो तोटा, हे सगळे त्यात येऊ शकते.

पैसे पोचतात कसे, हे जगाने 2009च्या जानेवारीत पाहिले. ‘सिरियस स्टार’ या सौदी तेलवाहू जहाजावर छोट्या विमानातून पॅराशूटने खंडणी टाकली गेली आणि अमेरिकी नौदलाने त्याचा फोटो काढला. वाटा घेऊन परतणारे काही चाचे त्याच दिवशी होडी उलटून बुडाले.

त्याच्या आदल्याच सप्टेंबरात ‘स्टोल्ट व्हॅलर’ हे जहाज पकडले गेले होते. त्यावर 18 भारतीय. दोन महिन्यांत सुटले. ‘अॅस्फाल्ट व्हेंचर’चे तसे झाले नाही, आणि त्या कथेचा एक धागा थेट रायगडात येतो. 28 सप्टेंबर 2010ला पकडलेल्या या जहाजावरचे सर्व 15 खलाशी भारतीय होते आणि जहाजाचे व्यवस्थापन मुंबईच्या कंपनीकडे होते. 2011च्या एप्रिलमध्ये खंडणी पोचली, जहाज सुटले, पण चाच्यांनी सात जणांना ठेवून घेतले. कारण भारतीय नौदलाने त्या वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत सुमारे 120 चाचे पकडले होते, आणि मुंबईच्या यलो गेट पोलिसांकडून ते पनवेल तालुक्यातल्या तळोजा तुरुंगात पोचले होते. आमचे सोडा, मग तुमचे सोडतो, अशी चाच्यांची मागणी. ते सात जण सुटले 30 ऑक्टोबर 2014ला. विमा पैशाचा हिशेब भागवतो. कैद्यांच्या अदलाबदलीचे कलम त्यात नसते. तळोजातल्या चाच्यांना मुंबईच्या सत्र न्यायालयाने सात वर्षांच्या शिक्षा सुनावल्या त्या 2017मध्ये, म्हणजे तेवढा काळ जवळपास आत काढून झाल्यावर.

पुढे धोका आफ्रिकेच्या दुसऱ्या अंगाला सरकला. 2019च्या डिसेंबरात नायजेरियाच्या बाजूला ‘नेव्ह कॉन्स्टेलेशन’वरून 18 आणि ‘ड्यूक’वरून 20 भारतीय उचलले गेले. तिथले चाचे जहाज सोडून फक्त माणसे नेतात. ‘ड्यूक’वरचा एक जण कैदेतच दगावला. 2024च्या मार्चमध्ये आयएनएस कोलकाताने ‘रुएन’वरचे 17 खलाशी सोडवले आणि 35 चाचे मुंबईत आणले. या वेळी हाताशी 2022चा सागरी चाचेगिरीविरोधी कायदा होता.

आमच्याकडे मुलगा बोटीवर लागला की पगार किती, एवढेच विचारतात. विमा गुप्त असल्याने कंपनी सांगणार नाही, हे खरे. परदेशी फिरायला जाणाऱ्यांच्या साध्या प्रवास विम्यावरही भिस्त ठेवू नका. अपहरणाच्या नावाखाली त्यात बहुधा विमान पळवले गेल्यास ठरावीक दैनिक भत्ता असतो, खंडणी नव्हे. खलाशाला मात्र हक्काची एक गोष्ट मिळाली आहे. सागरी कामगार करारातली दुरुस्ती 26 डिसेंबर 2020पासून लागू झाली. तिच्यामुळे चाच्यांच्या कैदेत असेपर्यंत नोकरीचा करार चालू राहतो आणि पगारही. तेव्हा एजंटाच्या हातात पैसे ठेवण्याआधी त्याचा भरती परवाना क्रमांक नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तपासा. करारपत्राची एक प्रत घरी ठेवा. त्यावर जहाजाचे नाव आणि मालकाचा पत्ता नसेल, तर पोराला पाठवू नका.