पाणबुडीत जीव का गुदमरतो?

विशाखापट्टणमला गेलेले पर्यटक सिंहाचलम आणि अरकूबरोबर आणखी एक ठिकाण सहसा चुकवत नाहीत. रामकृष्ण बीचवर, रस्त्याला लागूनच, ‘आयएनएस कुरसुरा’ ही खरीखुरी पाणबुडी ठेवली आहे. सोव्हिएत बनावटीची ही पाणबुडी डिसेंबर १९६९ मध्ये नौदलात आली, १९७१च्या युद्धात गस्तीवर होती आणि २००१ मध्ये निवृत्त झाली. पुढच्याच वर्षी तिचे संग्रहालय झाले.

लांबी ९१ मीटर, त्यामुळे बाहेरून ती ऐसपैस वाटते. आत मात्र टॉर्पेडो, डिझेल इंजिने, बॅटऱ्या आणि नळ्यांनी जागा अडवलेली. उरली ती माणसांची. कप्प्यांच्या मधल्या दारांतून वाकून, आधी एक पाय टाकून पलीकडे जावे लागते. आम्ही गेलो तेव्हा अशाच एका दारापाशी आमचे मेहुणे थबकले. एरवी सिंहगड न थांबता चढणारा माणूस, पण कपाळावर घाम. ‘‘इथे ऑक्सिजनच नाहीये,’’ ते म्हणाले. मागे रांग खोळंबलेली.

खरे तर ऑक्सिजन भरपूर होता. पर्यटकांसाठी पाणबुडीला दारे केली आहेत, ती उघडीच असतात. मग गुदमरल्यासारखे का व्हावे?

आपल्याला वाटते, ऑक्सिजन कमी पडला की श्वास घ्यावासा वाटतो. प्रत्यक्षात मेंदू मुख्यतः रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवर लक्ष ठेवून श्वास चालवतो. जॉन स्कॉट हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने हे १९०५ मध्ये दाखवून दिले. बाहेरच्या हवेत हा वायू जेमतेम ०.०४ टक्के असतो. तो तीन टक्क्यांच्या आसपास गेला की धाप लागते, डोके ठणकते. दहाच्या घरात गेला की शुद्ध हरपते. बंद जागेत ऑक्सिजन संपण्याआधी हाच वायू माणसाला गाठतो.

त्याची किंमत १९३९ मध्ये ‘थेटिस’ या नव्या ब्रिटिश पाणबुडीने मोजली. लिव्हरपूलच्या उपसागरात चाचणीच्या वेळी ती बुडाली. गोदीची माणसे धरून आत १०३ जण, म्हणजे नेहमीच्या जवळपास दुप्पट. चौघेच वाचले. तिचा मागचा भाग पाण्यावर दिसत होता, तरी आतल्या बहुतेकांचा बळी कार्बन डायऑक्साइडने घेतला. नेमके काय झाले हे शोधताना हाल्डेन यांचे चिरंजीव जे. बी. एस. हाल्डेन काही स्वयंसेवकांसह स्वतःच पोलादी कोठडीत बंद होऊन बसले. डोकेदुखी आणि उलट्या होईपर्यंत. हेच हाल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. विशाखापट्टणमहून तिथे एका रात्रीत रेल्वेने पोचता येते.

कुरसुरावर पाऊणशे माणसे असत. पाण्याखाली डिझेल इंजिने चालत नाहीत, कारण त्यांनाही हवा लागते; तेव्हा सगळी मदार बॅटऱ्यांवर. त्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात, आणि तो हवेत चार टक्क्यांवर गेला तर ठिणगी पुरे. श्वासासाठी सोव्हिएत पाणबुड्यांत विशिष्ट रसायनाच्या पाट्या असत. त्या कार्बन डायऑक्साइड शोषून ऑक्सिजन सोडत. तेल लागले तर मात्र पेट घेत.

आमच्या मेहुण्यांचे झाले होते नेमके उलटे. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, गरगरते, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. वाटते मात्र हवा कमी पडल्यासारखेच, म्हणून माणूस आणखी जोरात श्वास ओढतो.

अशा वेळी थांबावे, टेकायला जागा धरावी आणि श्वास घेण्यापेक्षा सावकाश सोडण्याकडे लक्ष द्यावे. तोंडावर कागदी पिशवी धरण्याचा जुना उपाय टाळावा; दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णाला तो घातक ठरू शकतो. छातीत दुखत असेल तर ती भीतीच आहे असे गृहीत न धरता बाहेर येऊन डॉक्टर गाठावा. बंद जागेची जुनी भीती असेल, गुडघे वाकत नसतील, तर गर्दीची वेळ टाळून जावे. रांगेत मागे फिरता येत नाही, ही इथली खरी अडचण.

पाचएक मिनिटांत मेहुणे सावरले. पुढे स्वयंपाकघराचा कोनाडा आला, तिथे ते बहिणीला बोलावून म्हणाले, ‘‘बघ, पाऊणशे माणसांचा स्वयंपाक एवढ्यात. आणि आपल्याला ओटा लहान पडतो.’’