बांधकाम क्षेत्र: कोणती संस्था कोणाची?

■ बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया (बीएआय)
स्थापना १९४१. मुख्यालय मुंबई. सातारा आणि सांगलीत स्थानिक केंद्रे. नावात ‘बिल्डर’ असले तरी मूळ संघटना ठेकेदारांची. रस्ते, पूल, कालव्यांची सरकारी कामे घेणारेही तिचे सभासद. निविदेतील अटी, थकीत देयके, साहित्याची दरवाढ हे नेहमीचे विषय.

■ क्रेडाई
१९९९ पासून. गृहप्रकल्प उभारून विकणाऱ्या विकासकांची.

■ इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया)
१९२०. सर्व शाखांच्या अभियंत्यांची.

■ वर्षातले ठरलेले दिवस
४ मार्च: राष्ट्रीय सुरक्षा दिन.
१५ सप्टेंबर: अभियंता दिन, विश्वेश्वरय्या यांची जयंती (जन्म १८६१).

■ या संस्थांच्या सभासदांना लागणारे कायदे
• बांधकाम कामगार कायदा, १९९६ (२०२५ पासून त्याची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली). बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर. त्यातून कामगारांच्या कल्याणकारी योजना. लाभासाठी कामगाराची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी हवी, आणि नेमकी तीच राहून जाते.
• गृहप्रकल्पांच्या नोंदणीचा रेरा कायदा, १ मे २०१७ पासून; राज्यात अंमल महारेरा प्राधिकरणाकडे. भूखंड ५०० चौ. मी.पर्यंत किंवा सदनिका आठपर्यंत असतील, तर नोंदणीतून सूट. छोट्या गावांतल्या बऱ्याच इमारती यातच बसतात.

■ सातारा-सांगली भागातले दोन धोके
११ डिसेंबर १९६७ चा कोयना भूकंप. २००५, २०१९ आणि २०२१ चे कृष्णाकाठचे महापूर. सांगलीत पूररेषा पाहिल्याशिवाय जागेचा व्यवहार करू नये.

■ अभियंते घडवणाऱ्या संस्था
वालचंद महाविद्यालय, सांगली (१९४७). शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, कराड (१९६०).